एकाहत्तरावी प्रदक्षिणा

संत्र्याच्या बहराचा गंध आला की रामाकोना गावातल्या पिंपळाखालची ती सोमवती अमावास्या आठवते. पत्नी खोडाला सूत गुंडाळीत एकशे आठ प्रदक्षिणा घालत होती आणि मी पारावर बसून त्या मोजत होतो. "अहो, मले पुन्हा चक्कर येऊन राहिली," ती खोडाला टेकून म्हणाली. "उपवास आहे, त्यात गोल फिरणे, येणारच. थोडी थांब, पण व्रत मोडू नकोस," मी शांतपणे सांगितले. "तुमाले काय जाते? बसल्या बसल्या पुण्य!" असे हसून ती पुन्हा चालू लागली आणि एकाहत्तराव्या फेरीत कोसळली. सौंसरच्या दवाखान्यात तिची नाडी पाहून डॉक्टरांनी विचारले, "आधी बसल्या जागीही चक्कर यायची का? छातीत धडधडायचे?" देवाच्या वाती वळतानाही दोन महिन्यांपासून तिला भोवळ येत होती, हे मला ठाऊक होते, मी 'होय' म्हणालो. "मग तेव्हाच आणायचे होते. हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते, त्यावर उपाय होता," ते म्हणाले. संध्याकाळपूर्वी ती गेली. आताही मी नित्य जपाला बसतो. ओठ हलतात, पण त्या एका 'होय'पुढे नाम सरकत नाही.