मफलरवरून धरलेला हात

इंग्रजीत धरण्या-पकडण्याला किती शब्द आहेत ते मला आजही झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेन. कॅच, ग्रॅब, सीझ, ग्रिप, क्लच. वर्गातल्या बाकीच्यांनी ते एकमेकांचे हात धरून पाठ केले. मी ते लांबून बघून पाठ केले.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. बुऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेत गुरुजी क्रियापदं करून दाखवत. दोन मुलं पुढं बोलवायची. एकानं खडू फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा, की झालं कॅच. टोपी हिसकावली की ग्रॅब. शिपायानं चोराला धरलं की सीझ. मनगट घट्ट आवळलं की ग्रिप. क्लचला एक बारकुडा पोरगा दुसऱ्याला आई समजून असा बिलगायचा की वर्ग हसून लोळायचा. त्या तासाला कोणी घरी राहत नसे.

मी दाराशी, माझ्या वेगळ्या गोणपाटावर. आमच्या वस्तीतून त्या वर्गात पोचलेला मी एकटाच होतो आणि मला कोणी शिवत नसे. गुरुजीही नाही. गुरुजी माणूस चांगला होता आणि मला शिवत नव्हता. त्या काळी या दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखानं नांदत. मला खेळात घ्यायचा प्रश्नच नव्हता. घरी जाऊन मी उजव्या हातानं डावं मनगट धरायचो आणि 'ग्रिप' म्हणायचो. शेळीलाही धरून बघितलं, पण तिला इंग्रजीची आवड नव्हती.

एक दिवस गुरुजींनी गळ्यातला मफलर काढला. त्यांना दम्याचा त्रास होता, म्हणून तापीकाठच्या उन्हाळ्यातही तो त्यांच्या गळ्यात असे. "लोकरीला विटाळ नसतो," ते वर्गाला म्हणाले. "तुमच्या आज्या सोवळ्यात लोकरीची धाबळी नेसतात की नाही?" यावर कोण काय बोलणार? शास्त्र पोरांच्याच घरचं. गुरुजींनी मफलर माझ्यापुढं टाकला. मी तो बोटांपासून कोपरापर्यंत गुंडाळला आणि आयुष्यात पहिल्यांदा वर्गाच्या मधोमध उभा राहिलो.

मला धरायला पुढं आला तो इतवारा बाजारातल्या एका धान्यवाल्याचा मुलगा. त्यानं चाचरत नाही, चांगलं कचकचून धरलं. उन्हाळ्यात ती लोकर अशी चावत होती की विचारू नका. हातावर पुरळ उठलं. तरी मी त्या तासाची वाट बघायचो. लोकरीतून त्याची बोटं मोजता यायची. दुधाची तहान ताकावर म्हणतात तसं चाललं होतं, पण मला दूधच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी मधे काही न ठेवता माझा हात धरावा, एवढंच माझं मागणं होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण?

मग तपासणीला गोरा साहेब आला. गुरुजींची पद्धत त्याला आवडली. त्यानं स्वतःच बोट करून मुलं निवडली: दाराशी बसलेला मी चोर, धान्यवाल्याचा मुलगा शिपाई. "सीझ हिम!" गुरुजींचा हात गळ्यातल्या मफलरकडं गेला, पण तोवर मी पळालो होतो. व्हरांड्यात धान्यवाल्याच्या मुलानं मला गाठलं आणि उघडं मनगट धरलं. त्याचा तळवा गरम होता, घामेजलेला. तो हसत होता. मला ओढतच त्यानं वर्गात आणलं. साहेब "गुड" म्हणाला आणि पुढच्या वर्गाकडं वळला. तेव्हा कुठं त्या पोराचं आपल्या हाताकडं लक्ष गेलं. त्यानं हात सोडला. गुरुजी हळूच म्हणाले, "घरी जा, आंघोळ कर." तो दप्तर न घेताच गेला.

मी मात्र उड्या मारत घरी आलो. आई अंगणात सरपण फोडत होती.

"काहून एवढा हासून राहिला रे?"

मी सगळं सांगितलं. तिच्या हातातली कुऱ्हाड खाली आली.

"कोनं कोनाले धरलं? तू त्याले, का त्यानं तुले?"

"त्यानं."

"मंग तसंच सांगजो. कोनीबी इचारलं तरी तसंच सांगजो. मी नाही, त्यानं." आणि तिनं माझं तेच मनगट इतकं आवळलं की मला रडू आलं. दहादा वदवून घेतल्यावर तिनं सोडलं.

कोणी मारायला आलं नाही. धान्यवाला शाळेत येऊन गुरुजींशी दार लावून बोलला, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी अर्थ फळ्यावर लिहून द्यायला लागले. खेळ सगळ्यांचाच बंद झाला आणि कोणामुळे, ते प्रत्येकाला ठाऊक होतं. पूर्वी पोरं माझ्याकडं बघून हसायची तरी, आता बघेनाशी झाली. तो मुलगा भिंतीकडच्या टोकाला जाऊन बसला. त्याच्यावर माझा राग नव्हता. असता तर जरा बरं वाटलं असतं.

वार्षिक परीक्षेत इंग्रजीत मी पहिला आलो. गुरुजींना मनापासून आनंद झाला, त्यांचे डोळे भरले होते. बक्षिसाचं पुस्तक घेऊन ते दारापर्यंत आले, वाकून ते उंबऱ्यावर ठेवलं, दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "टेक इट."

मी उचललं.