मधल्या फळीतला हाइनरदा

पत्र आलं तेव्हा मी शाळेत शिकवून नुकतीच घरी पोचले होते आणि वीज गेलेली होती. पाकिटावरचं जर्मनीचं तिकीट पाहून वाटलं, हाइनरदाचंच असणार. पण त्याचं कार्ड यायचं ते नाताळात, आणि हा तर श्रावण... गॅलरीतल्या उजेडात उभी राहून वाचलं. पत्र त्याच्या बहिणीचं होतं, जपून जपून लिहिलेल्या इंग्रजीत. हाइनर कारखान्यात काम करता करता कोसळला, हृदय थांबलं. अजून चाळिशीही उलटली नव्हती. मी पत्र दोनदा वाचलं, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. दादाला कसं सांगायचं, एवढंच आलं. माझा मोठा भाऊ सुधीर गेली सात वर्षं घरात हे नावच काढू देत नव्हता.

हाइनर आमच्या घरी आला तो बाबांमुळे. बाबा कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते. हावड्याच्या एका कारखान्यासाठी जर्मनीहून यंत्रं आली, त्यांच्या पेट्या सोडवायला हा उंच, किंचित लंगडणारा इंजिनिअर रोज खेपा घालायचा. एका शनिवारी बाबा त्याला जेवायलाच घेऊन आले. आईने वाटीत वाढलेलं वरण त्याने सूप समजून पिऊन टाकलं आणि आणखी मागितलं. पुढे त्याने आमच्याच गल्लीत खोली घेतली. मैदानावरची बंगाली मुलं त्याला हाइनरदा, म्हणजे हाइनरदादा, म्हणायला लागली, म्हणून आम्हीही.

मुलं त्याच्यामागे का लागली होती, ते दादाने सांगितलं. हा माणूस तिकडे व्यावसायिक फुटबॉल खेळला होता, तोही मधल्या फळीत. कोळशाच्या खाणींच्या गावातला, खाणकामगाराचा मुलगा. सोळाव्या वर्षी गावच्या क्लबात गेला, दिवसा फिटरचं काम शिकायचा आणि संध्याकाळी खेळायचा. मग तिकडे देशभराची लीग सुरू झाली आणि खेळण्याचा पगार मिळू लागला. चार हंगाम तो खेळला. गोल करणारा नव्हेच तो. चेंडू हिसकावून पुढच्याला नेमका देणारा. "लोक माझं नाव विसरायचे," तो हसून म्हणायचा, "पण मी नसलो की संघ हरायचा." मग सोडलंस का, या प्रश्नाला मात्र त्याने मला तीन वेगवेगळी उत्तरं दिली. एकदा म्हणाला, गोठलेल्या मैदानावर पडलो. एकदा म्हणाला, नव्या प्रशिक्षकाला मी नको होतो. आणि एकदा म्हणाला, कंटाळलो. यातलं खरं कुठलं, हे मला तेव्हा समजलं नाही.

दादा त्याच फळीत, कलकत्त्याच्या मोठ्या मैदानातल्या एका लहान क्लबात खेळायचा. दीड वर्ष हाइनरदाने त्याला घडवलं. पहाटे ट्रामने दोघं मैदानावर जायचे आणि आठाच्या आत चिखलाने माखून परतायचे. दादाचा खेळ इतका बदलला की एका मोठ्या क्लबाने त्याला चाचणीला बोलावलं. आणि त्याच पावसाळ्यात दादाचा गुडघा दुखावला. त्याने कोणाला सांगितलं नाही. मला मात्र ठाऊक होतं, कारण हळद-चुन्याचा लेप रोज मीच गरम करत होते. "चाचणी होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. माझी शपथ आहे तुला," त्याने बजावलं होतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी हाइनरदा आला. दादा बाहेर गेला होता. हाइनरदा स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "सुधीरचा गुडघा ठीक आहे ना?" मी मानेने हो म्हटलं. पण ते म्हणताना माझी नजर ओट्यावरच्या लेपाच्या वाटीकडे गेली... त्याने ती वाटी पाहिली, आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दादा सुरेख खेळला म्हणे. पण क्लबच्या सचिवांनी दादाला शिकवणारा म्हणून हाइनरदाचं मत विचारलं आणि तो म्हणाला, "मुलगा उत्तम आहे. गुडघा गेलेला आहे. आता खेळवलंत तर वर्षभरात कायमचा अधू होईल." मोठ्या क्लबचा दरवाजा बंद झाला. ही गोष्ट मैदानभर पसरली आणि मग दुसऱ्याही कुणी दादाला घेतलं नाही. चाचणीच्या त्या दिवशी दादा घरी न येता थेट हाइनरदाच्या खोलीवर गेला. गॅलरीतून ते पाहून मी मागोमाग धावले.

"तुला कोणी सांगितलं?" दादा ओरडला.

"कोणी नाही. तुझं पळणं मी पाहिलं," हाइनरदा म्हणाला. माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

"तू स्वतः खेळलास चार वर्षं! आणि मला एकही नाही?"

पुढे दादा बँकेच्या परीक्षेला बसला आणि पास झाला. हाइनरदा आणखी दोन वर्षं कलकत्त्यात होता. दादा त्याला पाहून रस्ता ओलांडायचा. मी मात्र दोघांशी बोलत राहिले, आणि दोघांपासूनही काही लपवल्यासारखं वाटत राहिलं. त्याने दादाला वाचवलं, की स्वतःचं संपलं म्हणून दुसऱ्याचंही संपवलं? कधी एक पटायचं, कधी दुसरं.

बहिणीच्या पत्रात पुढे लिहिलं होतं की तो सुधीरबद्दल नेहमी बोलायचा. आणि मग ती हकिगत. शेवटच्या हंगामात हाइनरचा गुडघा पार गेला होता. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, तरी तो चोरून इंजेक्शनं घेऊन खेळला. हे संघातल्या एकाच मित्राला ठाऊक होतं. हाइनरने त्याच्या विनवण्या केल्या, म्हणून तो गप्प राहिला. खेळ कायमचा सुटल्यावर हाइनर त्या मित्राशी जन्मभर बोलला नाही. "गप्प बसल्याबद्दल त्याने त्याला कधी क्षमा केली नाही," असं तिने लिहिलं होतं.

हे वाचल्यावर सगळं स्पष्ट व्हायला हवं होतं. माझा तर गोंधळ आणखीच वाढला. शपथ पाळून मी त्या मित्रासारखी वागले की वाटीकडे नजर वळवून, गुपित फोडणाऱ्या हाइनरदासारखी? आणि तो मित्र बोलला असता, तर हाइनरने त्याला तरी क्षमा केली असती का?

रविवारी दादा भेटायला आला तेव्हा पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं. मग मी वाटीचंही सांगून टाकलं, इतक्या वर्षांनी. तो रागावेल असं वाटलं होतं. तो खिडकीशी गेला, खाली गल्लीत मुलं खेळत होती ती पाहत राहिला.

"बहिणीला उत्तर लिहिणार आहेस?" त्याने विचारलं.

"हो."

"मग विचार, शेवटी शेवटी त्याचा गुडघा फार दुखायचा का."

मी बरं म्हटलं. तो चपला घालून जिन्यापर्यंत गेला, आणि परत आला.

"आणि लिही, माझा दुखत नाही."

हे आभार होते की तक्रार, ते त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. मी तो म्हणाला तसंच लिहिलं, आणि पत्र टाकून आले.