बसून वाजवायचं वाद्य

आमच्या घरात ताटावर चमचा वाजवायची बंदी होती. सांगलीतली बाकीची पोरं नापास झाली की मार खायची, मी जेवताना ठेका धरला की खायचो. नापास झालो तर आप्पा नुसते "बरं" म्हणत. ठेक्याला मात्र माफी नव्हती. पाटावर बोटं वाजली तरी त्यांच्या भुवया वर जायच्या आणि आई माझा हात गुपचूप दाबून धरायची.

कारण सगळ्या घराला माहीत होतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी हलगी वाजवायचं काम आमच्या घराकडे होतं. लग्न असो, कुस्त्यांचा फड असो, कुणाचं मढं निघालेलं असो, निरोप आला की आप्पांनी हलगी शेकायची, गळ्यात अडकवायची आणि दाराबाहेर उभं राहून वाजवायची. पुढे आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मी तेव्हा दुपट्यात होतो. त्याच आठवड्यात आप्पांनी हलगी चुलीत घातली आणि तिच्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. आई हे सांगताना हमखास हसायची. म्हणायची, "पाणी लय कढत झालं हुतं, गड्याला बादलीत हातच घालवंना!" मग बिऱ्हाड सांगलीला आलं. आप्पा आधी गिरणीत लागले, नंतर कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर. मला त्यांनी एकच गोष्ट बजावून ठेवली होती. "काय बी कर. मोळ्या विक. पर कुणाच्या दारात हुबा ऱ्हाऊन वाजवलंस, तर त्या दिवसापासनं तुजा माजा संबंध न्हाई."

आप्पा बोलले ते करणारे होते. ज्याने स्वतःची हलगी जाळली, तो पोराला काय सोडतोय!

असं असताना मी रॉक बँडचा ड्रमर झालो. आता याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

झालं असं की कॉलेजात असताना माझी मिरजेच्या एका मेडिकलच्या विद्यार्थ्याशी ओळख झाली. तो बंगलोरचा, केस मानेवर रुळणारे, आणि खोलीत गिटार न् रेकॉर्ड प्लेअर. आम्ही त्याला पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणायचो, तो मात्र डॉक्टर होण्याची फारशी घाई करत नव्हता. एका रविवारी त्याने एक इंग्रजी रेकॉर्ड लावली. शब्द एकही कळला नाही. पण खालून जे काही धडधडत होतं, ते मला असं कळलं की जणू कुणी माझ्याशीच बोलतंय. रेकॉर्ड संपेपर्यंत मी त्याच्या मेसच्या डब्याला पोचे पाडले होते.

डॉक्टर खूश झाला. आमच्या घरची हकीकत ऐकून तर फारच. म्हणाला, मग हे तुझ्या रक्तातच आहे. माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हटलं, "रक्तात हिमोग्लोबिन असतं. तूच शिकतोस ना ते? की तेही लेक्चर बुडवलंस?" आजही कुणी माझ्या ठेक्याला रक्तातला म्हटलं की मी भांडायला उठतो. वर्षभर दोन डालड्याच्या डब्यांवर मनगटं सुजेपर्यंत बडवलं, ते कुणाच्या खात्यावर टाकायचं? आप्पांचं सुद्धा ते रक्तातलं नव्हतं. लादलेलं होतं.

आमचा तिसरा गडी तासगावचा, द्राक्षबागाईतदाराचा मुलगा. गळा भसाडा, पण इंग्रजी गाण्याला तो शोभायचा, आणि उच्चार चुकले तरी तासगावात पकडणारं कोण होतं? बागेचा हंगाम चांगला गेला तेव्हा त्याने वडिलांच्या मागे लागून पुण्याहून जुना ड्रमसेट आणवला. तो ठेवायचा कुठे, तर त्यांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये. तिथेच आमची तालीम. मी बेदाण्याच्या पेटीवर बसून वाजवायचो, वर जाळ्यांवर द्राक्षं सुकत असायची, आणि खाली तीन माणसं जीव तोडून ओरडत असायची. बागेतल्या बायका म्हणायच्या, या पोरांमुळं यंदा पाखरं फिरकली न्हाईत. आमच्या संगीताचा हा पहिला जाहीर उपयोग. रॉक हा शब्द आम्हाला माहीत होता, पण सांगलीत तो सांगायची सोय नव्हती. कुणी विचारलंच तर आम्ही 'इंग्लिश ऑर्केस्ट्रा' म्हणायचो. घरी मी सांगितलं होतं की तासगावला शिकवणीला जातो. तसं ते खोटंही नव्हतं.

मग आमची पहिली सुपारी आली. तासगावकराच्या पाहुण्यांत लग्न होतं. घर पाटलाचं, नातवाचं लग्न, ऑर्केस्ट्रा पाहिजे. तो नाचतच सांगत आला. मी विचारलं, गाव कुठलं? त्याने गावाचं नाव घेतलं आणि मी पेटीवरून उठलो. ते आमचंच गाव होतं. पाटीलही तेच, ज्यांच्या दारात आप्पा उभे राहायचे.

आता लपवाछपवीत अर्थ नव्हता. गावातून बातमी सांगलीला माझ्याआधी पोचली असती. त्या संध्याकाळी मी आप्पांना सगळं सांगितलं. ते लेथवरून आलेले, हात धूत होते. धूतच राहिले.

"कुणाच्या दारात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"त्याच्यावर कातडं हाय?"

"न्हाई आप्पा. प्लास्टिक हाय."

हे उत्तर त्यांच्या हिशोबात नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. आईने चटकन तोंड फिरवलं, बहुतेक हसू लपवायला. पण आप्पा हसले नाहीत.

"प्लास्टिक असू दे न्हाईतर सोनं. दार त्येच हाय न्हवं?" एवढं बोलून ते जेवायला बसले. जेवण झाल्यावर म्हणाले, "मी येनार हाय संगं. काय हुतंय ते माज्या डोळ्यांनी बगनार. आन् मग ठरवनार."

काय ठरवणार, ते विचारायची गरज नव्हती. मला सुपारीला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगतो, बाप सुटेल याची भीती जेवढी होती तेवढीच ड्रम सुटेल याचीही होती, आणि दोन्ही एकाच टेम्पोत बसून निघाली होती.

टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी आप्पा बसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायांत बूट. मागे आम्ही तिघे, ड्रमसेट, आणि लाउडस्पीकरवाल्याकडून आणलेला भोंगा नि बॅटरी, कारण डॉक्टरची गिटार त्यातूनच वाजणार होती. कऱ्हाड मागे पडलं तसे सगळेच गप्प झाले. डॉक्टरला वाटलं, आम्हाला गाडी लागली. त्याने सगळ्यांना लिंबाच्या गोळ्या वाटल्या.

गावात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गोरज मुहूर्त. पाटलाच्या दारापुढे मांडव, मांडवात लोखंडी घडीच्या खुर्च्यांच्या रांगा. आम्ही सामान उतरवलं तोच म्हातारे पाटील काठी टेकत आले. त्यांनी आप्पांना ओळखलं. "आरं, तू व्हय? लय दिसांनी! आन् ह्यो पोरगा?" आप्पांनी मान हलवली. पाटील खरोखर खूश झाले. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हेच तर अवघड होतं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ब्येस झालं. घरचंच मानूस मिळालं. नवरदेव मारुतीच्या देवळापासनं निघायचाय. घे गळ्यात आन् हो घोड्याम्होरं. बापाचं नाव राख."

आमच्याकडे नवरदेव मारुतीला जाऊन घोड्यावरून मांडवाकडे निघतो, आणि वाजवणारे पुढे चालतात. मांडवाच्या दारात ते थांबतात. आत जात नाहीत. हे पाटलांना सांगावं लागलं नाही, मलाही विचारावं लागलं नाही. बँड ठरवताना आम्ही तिघांनी गाणी बसवली होती, कपडे ठरवले होते, केसही वाढवले होते. कुठे बसायचं, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. मी आप्पांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मिटून गेला होता. ते टेम्पोकडे वळलेच होते.

"आजोबा," मी म्हणालो, "हे गळ्यात घेता येत न्हाई."

"मग? कमरंला बांध."

"कमरंलाबी न्हाई. हे पाच नग हायती. दोन पायांनी वाजत्यात, बाकीचं हातानी. चारीबी हातपाय गुंतल्यावर हुबं कसं ऱ्हानार? हे बसूनच वाजवायचं वाद्य हाय."

पाटलांनी ड्रमसेटभोवती एक फेरी मारली. मोठ्या ढोलाचं पेडल काठीने दाबून बघितलं. ढोल धम्म वाजला, ते दचकले. "बसून? वरातीम्होरं?" ते म्हणाले. मग अख्खा गाव त्यात पडला. कुणी म्हणालं बैलगाडी आणा, कुणी म्हणालं बैल बुजतील. लष्करातून रजेवर आलेला एक जवान म्हणाला की पलटणीत असली वाद्यं ट्रकवर असतात, आणि त्याचं वजन पडलं. उसाची ट्रॉली आली. दहा हातांनी ती झाडली, दहा हातांनी ड्रमसेट वर चढवला. भोंगा ट्रॅक्टरच्या बॉनेटला बांधला.

एवढं झाल्यावर ध्यानात आलं, बेदाण्याची पेटी शेडमध्येच राहिली. बसू कशावर? मी ट्रॉलीत उभा राहून इकडे तिकडे बघत होतो. एकाने विटा सुचवल्या, एकाने पोतं.

आप्पा टेम्पोपासून परत फिरले. सरळ चालत मांडवात शिरले. कुणाला विचारलं नाही. ज्या मांडवाच्या दारापलीकडे त्यांनी उभ्या आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं, तिथल्या पहिल्या रांगेतली एक खुर्ची उचलली, घडी केली, काखेला मारली आणि माझ्याकडे वर दिली. सगळे बघत होते. बोलण्यासारखं खूप होतं, पण घोडा तिकडे खोळंबला होता.

"बस," आप्पा म्हणाले.

मी बसलो. ट्रॅक्टर मारुतीपर्यंत गेला आणि घोड्यापुढे लागला. मग आम्ही जे वाजवलं, त्याला चांगलं म्हणायची माझी हिंमत नाही. भोंग्यातून गिटार म्हशीसारखी रेकत होती, तासगावकर अर्धं गाणं विसरला, घोडा दोनदा उलटा फिरला. पण ट्रॉलीत उंचावर बसून मी वाजवत होतो, आणि सगळा गाव मान वर करून बघत होता. माझ्यासारखा सुखी माणूस त्या दिवशी सातारा जिल्ह्यात नसेल. नवरदेव धरून.

ट्रॉली मांडवापाशी आली. लोक आत घुसले, खुर्च्यांसाठी एकच झुंबड उडाली. मी वरूनच वाजवत होतो आणि डोळ्यांनी आप्पांना शोधत होतो. बाहेर दारात नव्हते. टेम्पोजवळ नव्हते.

ते पहिल्या रांगेत होते. मधोमध, पायावर पाय टाकून बसले होते, आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी टोपी ठेवून जागा धरली होती. म्हातारे पाटील वरातीबरोबर चालून दमलेले, काठी टेकत आले आणि त्यांच्यापुढे थांबले. क्षणभर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. माझा हात हवेत राहिला. ठेका सुटला. डॉक्टरने मागे वळून शिवी दिली.

आप्पांनी खुर्चीवरची टोपी उचलली.

"बसा की पाटील," ते म्हणाले, "हुबं का ऱ्हायलाय? पोरगं अजून लय येळ वाजवनार हाय."