रांगेतला अकरावा रणगाडा

सौदीत जुबैलहून खफजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाळकृष्ण पेडणेकरांनी गाडी थांबवली, तेव्हा दाखवण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. तारेचं कुंपण, आत सपाट केलेली वाळू, पलीकडे कुणाच्या तरी पाइपांची चळत.

"इथंच, काका?" मंजिरीनं विचारलं.

"इथंच."

एक्क्याण्णवच्या लढाईनंतर इराकी फौजेचे पकडलेले सोव्हिएत बनावटीचे रणगाडे इथल्या यार्डात आणून कापत. आतल्या पट्ट्यांवर रशियन अक्षरं असत. ती वाचणारं कुणी नव्हतं. पेडणेकर तपासनीस, मंजिरीचे वडील जगदीश गॅस कटर. तपासनिसानं आत शिरून दारूगोळा उरला नाही ना ते बघायचं, बाहेर खडूनं फुली मारायची, आणि फुली दिसल्यावरच कटरनं ज्योत लावायची, असा नियम. पण वाऱ्यावरची वाळू तासाभरात खडू पुसून टाकी. म्हणून पेडणेकरांनी फुली सोडून दिली. रांगेतला क्रमांक ते वहीत लिहीत आणि सकाळी कटरला तोंडी सांगत.

एके दिवशी पहाटे क्रेनवाल्यानं पहिल्या दहांतला एक रणगाडा उचलून रांगेच्या टोकाला नेऊन ठेवला. मागचे सगळे एकेक घर पुढं सरकवले. पेडणेकर चहा घेत होते. रांगेकडे न बघताच ते म्हणाले, "अकरावा तपासून खलास. लाव." जगदीशनं अकरा मोजले आणि ज्योत लावली. तो कालचा बारावा होता, न तपासलेला. आत जिवंत गोळा होता.

चौकशीत कंपनीनं लिहिलं, सिलिंडरची नळी न तपासता ज्योत लावली, मृताचा निष्काळजीपणा. साक्षीदार म्हणून सही पेडणेकरांची. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, कफिलाच्या, जामीन राहिलेल्या मालकाच्या कपाटात होता, वय सव्वीस होतं. ही कारणं त्यांनी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितली. मंजिरी तेव्हा आईच्या पोटात होती. आता ती जुबैलच्या एका इस्पितळात डॉक्टर आहे.

यार्ड दोन वर्षांत उठलं, मागोमाग कंपनीही. वही, अहवाल, काही राहिलं नाही. खरं माहीत असलेला एकच माणूस उरला होता, आणि तो आठ दिवसांनी कायमचा मालवणला परतणार होता.

"बाबा एवढे बेफिकीर कसे, हेच मला कळत नाही," मंजिरी म्हणाली. "आई सांगते, घरातला स्टोव्हसुद्धा ते तीनदा बघायचे."

पेडणेकरांनी मग सगळं सांगितलं. क्रमानं, एकही तपशील न गाळता. ती कुंपणाची तार धरून ऐकत राहिली. बोलणं संपल्यावर तिनं कुडाळला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"आईला सांगा. माझ्याकडून ऐकून ती मानायची नाही."

"वहिनी, मी बाळकृष्ण. जगदीशची चूक नव्हती. नंबर माझा चुकला." सहीचंही त्यांनी सांगितलं.



"भाऊजी," त्या म्हणाल्या, "दर दिवाळीला तुमचा फोन यायचा. यांच्या चुकीपायी तुमचाही जीव गेला असता, म्हणून दर वेळी मी तुमची माफी मागत होते. तुम्ही म्हणायचात, जाऊ द्या, वहिनी."