रंगाचे वीस हात

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत सुया करायचं काम ऑस्वाल्ड अंकलचं. टंगस्टनची तार द्रावणात बुडवून तिचं टोक केसाहून बारीक करायचं. टेराहर्ट्झ किरण कागद, रंग यांच्या आत शिरतात, पण त्यांचं चित्र धूसर येतं. सुई वस्तूच्या अगदी जवळ नेली, न टेकवता, तरच बारीकसारीक दिसतं. "लांबून बघणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं," असं अंकल नव्या पोरांना ऐकवायचे. त्यांची एकही सुई कधी टेकून मोडली नव्हती. याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत.

गेल्या मार्चमध्ये त्यांनी गिरगावातल्या घराच्या चौकटीचा वीतभर तुकडा कापून आणला. घर पाडायला निघालं होतं, बिऱ्हाड वडाळ्याला हललं होतं. त्यांचा मुलगा ओनील नवव्या वर्षी तापाने गेला. त्याची उंची त्या चौकटीवर पेन्सिलीने मांडली होती. पुढच्याच मे महिन्यात, वाडीतल्या क्रॉसपुढच्या प्रार्थनेआधी सगळे घर रंगवतात तेव्हा, त्यांच्या बायकोने, ओल्गा आंटींनी, तिच्यावर हिरवा रंग मारला.

"त्यावरून बायकोला एक शब्द बोललो नाय मी," अंकल म्हणाले. "वीस वर्षं. दर मे महिन्यात ती रंगवायला बसते, मी कामावर निघून येतो. मला पोराची रेघ बघायचीय, पद्मजा. बस."

मी स्पष्टच सांगितलं, की सुईने बारीक दिसतं, पण खोलवर दिसत नाही. रंगाचा वरचा एखादा हात कळेल, विसाव्या हाताखालचं काही नाही. हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"लावून तर बघू," ते म्हणाले.

ओल असली की हे किरण तिथेच विरतात, म्हणून तुकडा दोन दिवस कोरड्या हवेच्या पेटीत ठेवला. मग अंकलनी स्वतः सुई उतरवली. पडद्यावर चित्र ओळीओळीने भरत गेलं. दुपारपर्यंत नुसते ब्रशचे ओरखडे. मला त्यांच्या हट्टाचा राग येऊ लागला होता, दुसऱ्या कामाची रांग लागली होती.

तीनच्या सुमारास एक आडवी रेघ उमटली. पेन्सिलीची, सर्वांत वरच्या हाताच्या लगेच खाली. शेजारी तिरकं अक्षर होतं: ओनील, चार फूट दोन. त्याखाली साल, मागच्याच वर्षाचं.

"ओल्गाचं अक्षर," अंकल म्हणाले. "म्हणजे आधी रेघ ओढते, मग रंगवते. दरवर्षी."

त्यांनी सुई वर घ्यायला हात लावला आणि चुकून खाली घेतली. टोक लाकडात घुसून मोडलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. खिशातून फोन काढून घरी लावला.

"ओल्गा, नव्या घराची चौकट रंगवू नको. मी येतो. पेन्सिल आणतो."