दोन ठिणग्या

आमच्याकडे जिवावरचं दुखणं गावभर माहीत असतं, फक्त ज्याला झालंय त्याला सोडून. सुरतच्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या पोटातली गाठ आम्हाला समजावून सांगितली, तेव्हा आप्पा बाहेर बाकावर चहा पीत होते. परतीच्या एसटीत आप्पांचा डोळा लागला तसं भावाने ठरवूनही टाकलं, आतड्याला सूज आहे असं सांगायचं. मी चिडले. माणसाचं मरण त्याच्याचपासून लपवायचा हक्क आपल्याला कोणी दिला? गावी, ब्राह्मणपुरीला पोचल्यावर माय एवढंच म्हणाली, "त्यासले समजनं ते उद्याच खाट धरतीन." मग मीही गप्प बसले.

पुण्याला न परतता मी तिथूनच काम करू लागले. आप्पा खाटेवर बसलेले, मी खाली लॅपटॉप घेऊन. ते विचारत, "काय मोजी ऱ्हायनी?" मी सांगायचे, न्यूट्रिनो नावाचे कण असतात, त्यांची वजनं तीन. दोन जवळजवळ सारखी, तिसरं लांब. ते लांबचं बाकी दोघांपेक्षा जड की हलकं, हे अजून कुणाला ठाऊक नाही. ते कळावं म्हणून अणुभट्टीतून निघणारे त्यांचेच जुळे, प्रतिन्यूट्रिनो, पकडायचे, दूर परदेशात, डोंगराखाली, तेलासारख्या द्रवाने भरलेल्या घरापेक्षा मोठ्या गोळ्यात.

"दिखसच नही, मंग वयखतस कसा?"

दिसतच नाही त्याला ओळखायचं कसं, प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, तो धडकला की तेलात एक ठिणगी पडते आणि लगेच तिथेच जवळ दुसरी. एकटी ठिणगी कशानेही पडते, दगडातल्या किरणांनीसुद्धा, तिच्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. लागोपाठ दोन पडल्या की समजायचं, तो येऊन गेला. पहिलीची ताकद मोजून ठेवायची. अशा ढीगभर जोड्या जमल्या की तिसऱ्याचं वजन कुठल्या बाजूला ते कळेल, पण त्याला वर्षं लागतात. माय शेजारी तूर निवडत होती. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात ओसरीवर जेवताना आप्पा भावाला म्हणाले, "केळीनी रोपं सांगी ठेव. पुढला साल घड कापाले मीच उभा ऱ्हासू."

भावाने ताटात मान घातली. लगेच माय उठून आत गेली. भाकरीची टोपली तर समोरच होती.

आप्पा बराच वेळ तोच घास चावत राहिले. मी त्यांच्या हातावर पाणी घातलं तेव्हा हळूच म्हणाले, "आजलोंग एकच पडे. आज दोन्ही पडन्यात. माले समजी गये."

मला खोटं बोलता येईना, परीक्षा मीच शिकवली होती. मी रडायला लागले. त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "मायले सांगू नको. माले काहीच माहीत नही, असंच वाटू दे तिले."

दुसऱ्या दिवशी रोपांसाठी त्यांनी स्वतः हट्ट करून भावाला शहाद्याला पाठवलं. मायला केवढा धीर आला! रोपं गुडघ्याएवढी झाली आणि आप्पा गेले. शेवटी शेवटी फार हाल झाले, पण काय झालंय असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

माझं काम चालूच आहे. तिसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

दुखवट्याला दारावर बसायला येणाऱ्या प्रत्येक बाईला माय सांगायची, "आम्ही त्यासले शेवटलोंग काहीच समजू दिधं नही." तेवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती. मी ऐकून घ्यायचे. एका दुपारी मात्र ती हेच सांगत असताना माझी मान आपोआप खाली गेली. बसवेना, म्हणून पाणी आणायला उठून आत गेले. बायकांपुढचा तांब्या भरलेलाच होता.

बाहेर मायचा आवाज मध्येच थांबला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बायका निघून गेल्यावर ती आत आली, माझ्याकडे बघत राहिली, काही विचारलं नाही.

त्यानंतर ते वाक्य तिने कुणालाच सांगितलं नाही.