सुलभाताईंचे चिंचोके

प्राजू, जवळ सरक बघू. मी लिहितेय खारदांड्याहून आणि तू बसलीयस बोरिवलीला, तरी सरक. चार दिवस कोऱ्या कागदाकडे बघत बसलीस आणि काल फोनवर रडलीस, "आत्या, एकही चांगली आयडिया सुचत नाही!" अगं, चांगलीच सुचायला हवी म्हणून बसतं का कुणी? डिझाईन शिकायला कॉलेजात जातेस आणि एवढं कुणी सांगितलं नाही तुला? सुलभाताई असत्या तर आधी तुझ्यापुढे पाच चिंचोके ठेवले असते.

त्यांची रीतच ती. पार्ल्याला ज्या बिल्डिंगच्या गेटात मी मासे विकते ना, तिथं त्या पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जन्मभर पंपांच्या कारखान्यात नकाशे काढलेले. स्वतः मासे खात नसत. मांजरासाठी मांदेली न्यायच्या, पण ती मात्र एकेक निवडून, जशी काय पोरीला स्थळ बघतायत. काही अडचण आली, अगदी गॅलरीत कबुतरं येतात एवढी, की चार माणसं गोळा करायच्या आणि प्रत्येकापुढे पाच चिंचोके. एक कल्पना बोललीस की एक चिंचोका वाटीत. वाटीत पाच पडल्याशिवाय चहा नाही. आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर कुणी "जमणार नाही" म्हटलं, की लगेच, "नाही म्हणालात? घ्या, दंडाचा चिंचोका!" म्हणजे त्यानं आणखी एक कल्पना द्यायची.

माझ्यावर वेळ आली ती बर्फाच्या पाण्यानं. पाटीतला बर्फ वितळायचा, पाणी गेटातल्या फरशीवर. एक आजोबा घसरले. हाड शाबूत राहिलं, पण कमिटीनं सांगितलं, आठ दिवसांत पाणी थांबवा, नाहीतर जागा सोडा. वीस वर्षांची जागा गं! आमच्या ह्यांनी होडी नुकतीच विकलेली, घर सगळं त्या पाटीवर.

मग मी हुशारी केली. पाटीत जाड प्लास्टिक अंथरलं. पाणी थांबलं, पण दुपारपर्यंत बोंबील त्याच पाण्यात बसून लगदा. कोळ्याची पोर मी, वितळलेल्या पाण्यात मासा ठेवू नये हे मला कळू नये? घाबरलं की डोकं असंच चालतं.

सुलभाताई पाटीत डोकावल्या. "हिरा, पहिलं सुचलं तेच केलंस ना?"

मी प्लास्टिकचं टोक उचलून लगदा दाखवला.

"पहिलं सुचलेलं फार घाईत असतं. त्याला जरा रांगेत उभं कर. उद्या दुपारी वर ये, जावेलाही आण."

गेलो. मी, माझी जाऊ नर्मदा, बिल्डिंगचे वॉचमनभाऊ, आणि मध्ये पाटी. नर्मदा दारातच म्हणाली, "धंदा सोडून चिंचोके खेळायला बोलावलं काय गो मला?" वॉचमनभाऊंनी पहिला चिंचोका टाकला, "पाटी को डायपर पहना दो." मला हसू आवरेना. सुलभाताईंनी मात्र कागदावर लिहिलं, डायपर.

"अहो, हे पण लिहिताय?"

"सगळं लिहायचं. चांगलं-वाईट उद्या ठरवू. आज फक्त पोतं रिकामं करा."

मी म्हटलं, बर्फ कमी घालते. "मग मासे सडतील, जमणार नाही," नर्मदा. "घे, दंड." भुसा, स्पंज, नळी, प्रत्येकाला तिची नाट. तिच्यापुढे दंडाची ही रास! शेवटी वैतागून ती ओरडली, "मग आता काय मोदकपात्रात ठेवू मासे? वर चाळणी नि खाली पाणी?" आणि चिंचोका आपटला. सुलभाताईंनी तेही लिहिलं आणि चहा टाकायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी यादी वाचली, तेव्हा तिघींची बोटं एकाच ओळीवर. मोदकपात्र! सुलभाताईंनी डब्याचा नकाशा काढला, ओळखीच्या पत्रेवाल्याकडून स्टीलचा डबा करून घेतला. आत उंचावर जाळी, तळाला तोटी. मासे कोरडे, पाणी बादलीत. मी तर नाचायचीच बाकी होते. तर काय, गार डब्याला बाहेरून घाम सुटला आणि खाली ओलं कडं! "वाट लागली," मी म्हटलं. उरले होते दोन दिवस.

सुलभाताईंनी शांतपणे यादी काढली. "वॉचमनभाऊंचं डायपर राहिलंय की." डब्याला बाहेरून गोणपाट शिवलं. यादी त्याच दिवशी फाडून टाकली असती तर?

आठव्या दिवशी सेक्रेटरी आले. डब्याखाली वर्तमानपत्र पसरलं आणि गेले. दोन तास मी गिऱ्हाइकाला काय दिलं, मला आठवत नाही. परत येऊन त्यांनी कागद उचलला, बोटं फिरवली, उलटून पाहिला. कोरडा. "बसा," एवढंच म्हणाले. मी वर धावले आणि सुलभाताईंच्या दारात हुंदका फुटला. त्या म्हणाल्या, "आता रडून परत फरशी ओली करू नकोस."

गेल्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. मी अजून त्याच गेटात बसते. गिऱ्हाईक विचारतं, हा डबा कुणी शोधून काढला? मी खरं तेच सांगते, एका भांडखोर जावेनं, एका वॉचमननं आणि मासे न खाणाऱ्या बाईनं.

तर पोरी, एकटी कुढू नकोस. रविवारी ये. वर्गातल्या दोघीतिघींना आण, आणि त्यातली एक तरी चांगली कटकटी बघून आण. बोंबील तळते. उशीर करू नकोस, नर्मदा थांबत नाही कुणासाठी.